पुढच्या सीटचा भाव

धाकटीने आपला फोन थोरल्या भावाच्या नाकासमोर धरला. पडद्यावर तिने तीन आठवड्यांपूर्वी काढून ठेवलेला फोटो होता. तिकीट काढायच्या दिवशी विमानातल्या पुढच्या, रुंद सीटसाठी वरचे अठरा हजार.

"आणि आज?"

"एकतीस," थोरला म्हणाला. "जरा दम धर. शेवटच्या तासात भाव उतरतो."

"तीन आठवडे हेच ऐकतेय. अकरा तास मागच्या खुराड्यात बाबांची कंबर बसणार आहे, तुझी नाही."

"एवढा पुळका होता तर तू भरायचेस की!"

"तिकीट काढायचा मान तुला हवा होता ना? मग निस्तर!"

काउंटरसमोरची रांग मागे वळून बघू लागली. दोघांच्या मधे कंबरेला पट्टा बांधलेले बाबा बॅगेच्या दांड्यावर भार टाकून उभे होते.

आई गेल्यापासून या भावंडांमधून विस्तव जात नव्हता. एकमेकांना फोन करणं त्यांनी केव्हाच सोडलं होतं. राहायला सगळे एकाच शहरात, पण बाबांनाही महिन्यातून एखादा फोन यायचा, तोही 'गोळ्या घेतल्या ना?' एवढ्यापुरता. शेवटी परदेशातल्या आत्यानेच 'सहा महिने इकडे येऊन राहा' म्हणून गळ घातली. बाबा हो म्हणाले आणि तेव्हा कुठे दोघांना जाग आली.

थोरल्याने साधं तिकीट काढून बाबांना पाठवलं. सीटचं पुढे बघू म्हणाला आणि तिथेच भडका उडाला. मग सकाळी त्याचा फोन यायचा, "बाबा, आज एकोणतीस दाखवताहेत. उतरेल. तिला सांगा, गप बस जरा." संध्याकाळी हिचा, "बाबा, वाढला ना भाव? सांगा तुमच्या शहाण्याला." एकवीस दिवसांत एक खाडा नाही. भांडणाच्या ओघात कंबर कशी आहे, जेवलात का, हेही विचारून व्हायचं.

बाबांची सगळी नोकरी स्टेशनवर, तिकिटांच्या खिडकीमागे गेली होती. प्रवासी निघायच्या घाईत असला की त्याला सगळं महागच पडतं, हे त्यांच्याइतकं कोणाला ठाऊक असणार? पण त्यांना विचारतो कोण!

त्यांचा नंबर आला. थोरल्याने पासपोर्ट पुढे सरकवला आणि त्यावर आपलं कार्ड आपटलं.

"यांना पुढची सीट द्या. काय होतील ते घ्या."

"तेव्हाच ऐकलं असतंस तर..."

"तू आता एक शब्द बोलू नकोस!"

काउंटरवरच्या बाईंनी संगणकात पाहिलं. मग थोरल्याचं कार्ड अलगद परत सरकवलं.

"यांची सीट पुढचीच आहे. तिकीट काढल्याच्या दुसऱ्याच दिवशी बदललीय. पैसेही भरलेत."

"तू घेतलीस?" धाकटीने विचारलं.

"मी? मला वाटलं, तू."

थोरला रोज भाव बघत होता. बाबांचं तिकीट उघडून बघावं, हे त्याला एकदाही सुचलं नव्हतं. तिलाही नाही.

"अठरालाच मिळाली," बाबा म्हणाले.

"म्हणजे तुम्ही..." थोरल्याचा आवाज चढला. "मग बोलला का नाहीत? आम्ही मूर्खासारखे रोज उठून तुम्हाला फोन करतोय..."

"हो ना," बाबा म्हणाले. "रोज."

थोरल्याने कार्ड उचललं, पण ते पाकिटात ठेवायचं राहूनच गेलं. बाईंनी पास दिला. बाबांनी तो चष्म्याजवळ नेऊन सीटचा नंबर नीट वाचला आणि खिशात ठेवला. तिकिटांच्या खिडकीमागे बसून लागलेली ती सवय होती.

"पोचल्यावर फोन करा हं, बाबा," धाकटी म्हणाली. तिला वाईट वाटत होतं आणि अजून रागही होता.

"करीन की." बाबांनी बॅगेचा दांडा धरला. "पण आता बोलायचं कशावर?"