डॉन लेआन्द्रोसाठी रडणं

विगन शहरात घर मेलं तरी त्याला कुणी पुरत नाही. त्याला चुना देतात, शिंपल्यांची तावदानं पुसतात आणि दाराशी तिकीट लावतात. दगडी गल्लीतल्या थोरल्या घराचंही तसंच झालं होतं. राहणारं कुणी उरलं नव्हतं, पण पाहुण्यांचे जथे मात्र सकाळपासून जिने चढत असत. त्यांना दाखवायला, आता घर चालवणाऱ्या क्रिसान्तोनं पलंग आणले, आरसे आणले, आणि आता त्याला मढं हवं होतं.

“मढं म्हणजे नुसती पेटी हो, आपो पुरिंग,” वडीलधाऱ्यांना द्यायचा मान देत तो म्हणाला. “रिकामी. वर फुलं. तुम्ही शेजारी बसून दुंगाव म्हणायचा. दहा मिनिटं. आपले पूर्वज कसे रडायचे ते लोकांना कळू दे.”

“आणि मेलंय कोण?”

“डॉन लेआन्द्रो. या घराचा मूळ मालक. तुम्ही त्याची विधवा.”

“दीडशे वर्षं झाली की त्याला. एवढ्या उशिरा रडले तर उठून शिव्या घालेल मला.”

क्रिसान्तो हसला, पण माघार घेणाऱ्यातला तो नव्हता. त्यानं अंगणाकडे पाहिलं. तिथे पुरिंगची सून नोर्मा एम्पानाडाच्या तिखट करंज्या तळत होती. तिला टपरीला जागा त्यानंच दिली होती. हे तो कधी बोलून दाखवत नसे, फक्त तिकडे बघत असे. पुरिंगनं मान डोलावली.

तिची सत्तरी उलटली होती. प्रेताजवळ बसून सुरात रडायचं, म्हणजे दुंगाव गायचं काम तिला आईकडून मिळालेलं. मेलेल्याला नावानं हाक मारायची, त्याचं सगळं आयुष्य गाऊन सांगायचं, त्यानं काय दिलं, काय अर्धवट टाकलं. विधवेच्या वतीनं गायचं तर ‘माझ्या म्हाताऱ्या’, लेकीच्या वतीनं ‘माझ्या बाबा’. नात्याचा शब्द चुकला तर घरचे उठून जात. पन्नास वर्षांत तिचा शब्द चुकला नव्हता.

एका माणसासाठी मात्र ती गायली नव्हती. तिचा मुलगा तेमियो तीन वर्षांपूर्वी मासेमारीला गेला, मागोमाग वादळ आलं आणि होडी परतली नाही. बरोबरच्या दोघांच्या घरी तिनंच दुंगाव गायला. स्वतःच्या घरी नाही. “अंग दिसत नाही तोवर मी तोंड उघडणार नाही,” तिनं बजावलं होतं. एकदा गायलं की माणूस गेला, मग त्याला माघारी बोलावता येत नाही. मृतांसाठीच्या प्रार्थनेच्या यादीत पाद्र्यानं तेमियोचं नाव घातलं, तर तिनं भर चर्चमध्ये ते खोडायला लावलं. तिच्या या हट्टापायी बिचारी नोर्मा मधल्या मध्ये लटकली होती, ना नवऱ्याची ना विधवा. लाओआगचा एक बिजवर सुतार तिला दोनदा विचारून गेला होता. पुरिंगला ते पक्कं ठाऊक होतं आणि ती ठाऊक नसल्यासारखी वागत होती. दुष्टपणाच तो, पण आईचा.

तीनला जथा आला, मनिलाकडचे चाळीसेक जण. पुरिंगनं डोक्यावरून काळी ओढणी घेतली आणि सूर लावला.

“माझ्या म्हाताऱ्या लेआन्द्रो, घोडे तहानलेत, निळीचे हौद सुकलेत, ऊठ रे...”

“खरंच रडते की काय ही?” कुणीतरी कुजबुजलं. फोन वर झाले.

निळीचं झालं, घोड्यांचं झालं, तंबाखूच्या मळ्यांचं झालं. दोन मिनिटांत डॉन लेआन्द्रो संपला. त्याला काय आवडायचं, तो कशावर चिडायचा, तिला काहीच माहीत नव्हतं. अशा परक्या माणसासाठी किती ताणणार? पुढची ओळ शोधत तिनं श्वास घेतला आणि तोंडाला जो शब्द जवळचा होता तो निघाला.

“माझ्या लेकरा...”

तिला तो ऐकू आला. ती हादरली. पण विलाप अर्ध्यावर तोडला तर मेलेला वाटेतच अडकतो, हे तिनंच आजवर गावाला सांगितलेलं. आणि नात्यामागोमाग नाव घ्यायची पन्नास वर्षांची सवय.

“माझ्या लेकरा तेमियो, सात वर्षांचा होतास, मला भिववायला पाण्याखाली लपून बसायचास. मी काठावर आकडे मोजायची. अजून मोजतेय रे. दमले आता. वर ये, नाहीतर येत नाहीस म्हणून सांग...”

अंगणातून तेल करपल्याचा वास आला. नोर्मा झारा हातात धरून दारात उभी होती.

टाळ्या पडल्या. क्रिसान्तो डोळे पुसत पुढे आला. “आपो, कमाल केलीत! चारच्या जथ्यालाही हेच. म्हातारा नको, लेकरूच ठेवा.”

“ते एकदाच असतं,” पुरिंग म्हणाली.

त्याला वाटलं, म्हातारी भाव खातेय. “बरं, टपरीला कोपऱ्यावरची जागा देतो. झालं?”

नोर्मानं काखेत हात घालून तिला उभं केलं आणि रस्त्यावर आणलं.

“इनांग, चुकून निघालं तोंडातून,” सासूला आई म्हणत ती हलकेच म्हणाली. “ते धरायचं नाही. सगळे परकेच होते.”

“तू होतीस.”

“मी नाही ऐकलं.”

“खोटारडे, अख्खा घाणा करपवलास.”

तेव्हा कुठे नोर्मा रडली. भर रस्त्यात, टांग्यांना वाट न देता.

घरी आल्यावर पुरिंगनं कुणाला हात लावू दिला नाही. स्वतः तीन ओंडके ओढून उंबऱ्यासमोर रचले आणि पेटवले. ज्या घरात माणूस जातं त्याच्याच दारात असा जाळ करतात, प्रेत पुरेपर्यंत तो विझू देत नाहीत. इथे पुरायला काही नव्हतं, म्हणजे कधी विझवायचा हेही तिला सांगता आलं नसतं.

धूर पाहून समोरचा चांभार फेर्मिन टोपी काढून आला. “कोण गेलं, पुरिंग?”

“तेमियो.”

फेर्मिन गडबडला. त्यानं सगळे विचारतात तेच विचारलं. “कधी?”

“आज,” पुरिंग म्हणाली. “दुपारी तीनला. मी जवळच होते.”