मानाची शाल

कौमुदीचे उपचार संपून वर्ष झालं होतं. कॅन्सर-संशोधनाच्या मदतीसाठी चेन्नईहून महाबलीपुरमला सायकल फेरी निघणार म्हटल्यावर तिनं महिनाभर पहाटे उठून सराव केला. आणि आज ऊन तापलं तरी ती चेन्नईतल्या बेझंट नगरच्या मंडपात खुर्चीवरच! आधी प्रमुख पाहुणे उशिरा उगवले, मग भाषणं. त्यात ही त्याच आजारातून उठलेली, हे कळल्यावर संयोजकांच्या उत्साहाला ऊतच आला. इथल्या रिवाजाप्रमाणे तिच्या अंगावर जरीची शाल पडली.

"तुम्ही कशाला दमता? मागून जीपमधून या," पाहुणे प्रेमानं म्हणाले.

कौमुदी तरातरा मंचावरून खाली उतरली. शाल काढणार, तोच तिचा नवरा विद्याधर कुजबुजला, "राहू दे गं, त्यांना वाईट वाटेल. कोपऱ्यापर्यंत तरी."

दातओठ खात तिनं तशीच टांग मारली. फेरीच्या सुरुवातीच्या कमानीखालीच शाल घसरून चेनमध्ये गेली आणि सायकल जागच्या जागी अडली. बाकीचे सगळे घंट्या वाजवत पुढे निघून गेले. कौमुदी रस्त्यात बसून काळ्या हातांनी शाल ओढू लागली.

"बघा, या ताई आजाराशी कशा झुंजताहेत!" माइकवरून इंग्रजीत घोषणा झाली.

"आजाराशी केव्हाच झुंजून झालं!" ती मराठीतच किंचाळली. "आता तुमच्या शालीशी झुंजतेय!"

विद्याधरशिवाय कुणालाच काही कळलं नाही. टाळ्यांचा मात्र कडकडाट झाला. तिनं वर पाहिलं, तर पाहुणे दुसरी शाल घेऊन पायऱ्या उतरत होते.