भुश्याला केनियाला नेताना

कुत्र्याला पासपोर्ट लागत नाही, बाकी सगळं लागतं, हे वत्सलाबाईला कळलं तोवर तिचा नवरा रामहरी केनियात जाऊन चांगला रुळला होता.

रामहरी साखर कारखान्यात पॅनमन होता. उकळत्या पाकात दाणा कधी धरतो, हे पॅनच्या काचेतून बघून ओळखायचं, हे त्याचं काम. गेवराईकडच्या ज्या सहकारी कारखान्यात त्यानं निम्मं आयुष्य काढलं, तो सलग दोन हंगाम पेटलाच नाही. पेटणार कसा? गाळायला ऊसच नव्हता. विहिरींचे तळ दिसत होते, प्यायचं पाणी टँकरनं येत होतं आणि गावांबाहेर चारा छावण्या पडल्या होत्या. कारखान्याची माणसं पांगली. कुणी कर्नाटकात गेलं, कुणी गुजरातेत. एका जुन्या केमिस्टच्या ओळखीनं रामहरीला थेट केनियातल्या साखर कारखान्यात काम मिळालं. एकुलती मुलगी लातूरला सासरी सुखात होती. तेव्हा रामहरीनं पुढं जायचं, जम बसला की वत्सलाबाईनं मागून यायचं, असं ठरलं.

जम बसला. फोन आला, "तुझा व्हिसा झाला. आता ये."

"आन् भुश्या?" तिनं विचारलं.

भुश्या म्हणजे त्यांचं कुत्रं. कारखान्यात ऊस पिळून उरलेल्या भुश्श्याच्या ढिगात ते पिल्लू सापडलं होतं. रंगही तसाच, वाळक्या चिपाडासारखा. कॉलनी भरलेली होती तेव्हा ते सगळ्यांचंच होतं. मग एकेका घराला कुलूप लागत गेलं आणि शेवटी ते वत्सलाबाईच्या ओट्यावर राहायला आलं. रामहरी गेल्यावर एकदा भर दुपारी दोघं जण रिकाम्या घरांचे नळ आणि वायरी काढायला आले. आवाज ऐकून वत्सलाबाई बाहेर आली, तर एक जण पहार घेऊन तिच्याच अंगावर धावला. भुश्यानं त्याची पोटरी धरली ती सोडलीच नाही. पहार त्याच्या मागच्या पायावर बसली, हाड मोडलं, तरी नाही. शेवटी माणसं पळाली. पाय जुळला, पण वाकडा. तेव्हापासून भुश्या लंगडत चालायचा.

"त्याला आश्रुबाकडं सोड," रामहरी म्हणाला. आश्रुबा म्हणजे कारखान्याचा वॉचमन. "त्यो टाकील की भाकर."

"ज्यानं माझ्यापायी पाय मोडून घेतला, त्याला मागं टाकून म्या विमानात बसू?"

"बरं," रामहरी म्हणाला, "तिकडचं सगळं तू बघ. इकडचा परवाना मी काढतो."

तिकडचं सगळं म्हणजे काय, ते मुलीनं इंटरनेटवर बघून आईला फोनवर समजावलं. लस, कातडीखाली बसवायची चिप, पिंजरा, तब्येतीचा दाखला, मुंबईतली तपासणी. वत्सलाबाईनं लसीपासून सुरुवात केली.

जनावरांचे डॉक्टर घुले दवाखान्यात सापडेनात, कारण ते दिवसभर छावणीत असत. शेवटी ती भुश्याला दोरीला धरून छावणीतच गेली. पत्र्याखाली आणि पत्र्याबाहेर गुरांच्या रांगा, सगळ्यांच्या बरगड्या वर आलेल्या. डॉक्टर एका बसलेल्या गायीला सलाइन लावत होते. वत्सलाबाईनं काम सांगितलं. डॉक्टरांनी एकदा तिच्याकडं बघितलं, एकदा भुश्याकडं.

"हे? विमानानं?"

"व्हय."

गायीची मालकीण दगडाबाई गायीचं डोकं मांडीवर घेऊन बसली होती. ती म्हणाली, "इथं जितराबाला पाण्याचा घोट मिळंना, आन् हिचं कुत्रं परदेशाला निघालं."

भोवतीचं कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं, असं वत्सलाबाईला वाटलं. सलाइनची बाटली धरायला माणूस हवं होतं. ती पुढं झाली आणि तिनं बाटली उंच धरली. ऊन चढत गेलं, हात भरून आला. बाटली संपली, पण गाय काही उठली नाही. मग डॉक्टरांनी हात धुऊन भुश्याला रेबीजची लस टोचली, कागद दिला आणि सांगितलं, "चिप आमच्याकडं नसते, बाई. औरंगाबादला जावं लागेल."

घरी येताना तिला लाज वाटत होती आणि रागही येत होता. कुणाचा राग, ते तिला धड सांगता आलं नसतं.

औरंगाबादला जायचं तर एसटीचा कंडक्टर कुत्र्याला चढू देईना. तेव्हा गेवराईतला मुनव्वर मदतीला आला. कारखाना चालू होता तेव्हा तो उसाच्या ट्रॉल्या वेल्डिंग करून द्यायचा आणि रामहरीचा जुना दोस्त होता. आता दुकानात काम नाही म्हणून तो जुन्या पिकअपमधून भाडी मारत होता. त्यानं दोघांना औरंगाबादला नेलं. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी चिप बसवली आणि लसीचा कागद बघून मान हलवली.

"आधी चिप, मग लस, असं लागतं. ही लस धरणार नाहीत. परत टोचावी लागेल, आणि नंतर महिनाभर थांबावं लागेल."

"पर लस तर झाली ना? कुत्रं बी हेच हाय."

"हो, पण हे तेच कुत्रं, हे चिपशिवाय कसं कळणार?"

ते लंगडं कुत्रं तिनं हजारातून ओळखलं असतं. भुश्याला पुन्हा टोचलं.

पिंजरा मुनव्वरनंच बनवला. लोखंडी अँगल, वर गज, दाराला जाड कडी. "भाभी, याच्यात वाघ बी कोंडा. हलणार न्हाई." पिंजरा खरोखरच हलेना. चौघांनी मिळून तो जेमतेम उचलला. जनावरं विमानानं धाडायचं काम बघणाऱ्या मुंबईच्या एजंटला फोटो पाठवला, तर त्याचं उत्तर आलं की उघड्या गजांचा पिंजरा विमान कंपनी घेत नाही. बाजू बंद हव्यात, हवेला झरोके हवेत आणि वजन हलकं हवं.

"कावून पर?" मुनव्वर चिडला. "बोकडं असेच तर नेतो आपण." तो दोन दिवस दुकानात फिरकला नाही. मग प्लायवूड आणलं, दुसरा पिंजरा केला आणि कुणी न सांगता त्याच्यावर हिरव्या रंगानं 'भुश्या' असं नाव घातलं.

या सगळ्यात वत्सलाबाई जवळजवळ रोज रामहरीला परवान्याचं विचारत होती. कधी तो म्हणायचा, साहेब नैरोबीला गेलेत. कधी म्हणायचा, कागद वर गेलेत. कधी तिकडं सुट्टी असायची. दर खेपेला उत्तर वेगळं असायचं, म्हणून तिला शंका आली नाही. शेवटी तिकीट निघालं आणि तो म्हणाला, "तू निघ. मुंबईला पोचेस्तोर परवाना येईल."

तिनं कॉलनीतलं घर रिकामं करून किल्ली आश्रुबाच्या हाती दिली. त्याची बायको चंद्रभागाबाई, तिनं वत्सलाबाईची ओटी भरली आणि भुश्याच्या कपाळालाही कुंकू लावलं. मुनव्वरची पिकअप निघाली.

एजंटचं ऑफिस विमानतळाजवळच्या एका इमारतीत दुसऱ्या मजल्यावर होतं. माणूस गोड बोलणारा होता. त्यानं सगळे कागद बघितले आणि म्हणाला, "ताई, बाकी सगळं नीट आहे. पण केनियाचा परवाना नसेल तर मला कुत्र्याला तपासणीलाही नेता येत नाही. निदान अर्जाचा नंबर द्या, मी तिकडं विचारून बघतो."

तिनं रामहरीला फोन लावला. "अर्जाचा नंबर सांगा."

"जेवलीस का? भुश्या कसा हाय?" रामहरी म्हणाला.

"आवं, नंबर. ह्ये साहेब वाट बघायलेत."

"वत्सला, अर्ज केला न्हाई म्या."

"कधीपासनं न्हाई?"

"पहिल्यापासनंच."

एजंटनं नजर कॉम्प्युटरकडं वळवली. वत्सलाबाई फोन घेऊन बाहेर जिन्यात आली.

"इथला मोठा साहेब लई कडक हाय," रामहरी घाईघाईनं बोलत होता. "अर्जावर त्याची सही लागती, बंगला कंपनीचा हाय म्हणून. मी कंत्राटावरचा माणूस. त्याला काय सांगू, बायकोला लंगडं गावठी कुत्रं आणायचंय? मला वाटलं, एवढं करता करता तूच दमशील आन् सोडून देशील."

"म्या छावणीत बायांची बोलणी खाल्ली," वत्सलाबाई म्हणाली. "मुनव्वरभाईनं दोनदा पिंजरा केला. मुक्या जनावराला दोनदा टोचलं. आन् तुमी माझी दमायची वाट बघत बसले?"

"आता ऐक. भुश्याला मुनव्वरसंगं माघारी पाठव. तू बस विमानात. तिकीट हाय."

"ऱ्हाऊ द्या तिकीट," ती म्हणाली आणि फोन ठेवला.

खाली पिकअपच्या सावलीत मुनव्वर भुश्याला बिस्किटं चारत होता. "आला परवाना?"

"न्हाई. गाडी फिरवा."

घाट चढून गेल्यावर तिनंच सगळं सांगितलं. "रामहरी असा न्हाई, भाभी," तो म्हणाला. ती खिडकीबाहेर बघत म्हणाली, "असाच हाय."

जिथं ओटी भरून घेतली तिथंच परत उतरणं तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आश्रुबानं घराची किल्ली परत देऊ केली, पण तिनं घेतली नाही. सामान सगळं वाटून टाकलेलं, उघड्या घरात काय करणार? ती चंद्रभागाबाईच्या पडवीत राहिली. टँकर आला की सगळ्यांच्या आधी जाऊन घागरी लावायची, म्हणजे कुणी बोलू नये. तरी लोक विचारायचेच, "विमान चुकलं का?" रामहरीचे फोन तिनं घेतले नाहीत. मुलीकडून निरोप तेवढा धाडला, की परवाना आला तर मी येईन, न्हाईतर तुमी तिथं आन् मी इथं.

आठवडा उलटायच्या आत परवाना आला.

मुलीनं आनंदानं फोनवर सांगितलं, पण वत्सलाबाई खाटेवर बसूनच राहिली. काम अवघड असतं तर तिला एवढं लागलं नसतं. इतके महिने तिनं हाडाची काडं केली, आणि तिकडं एक सही मागायची होती. एवढंच.

तब्येतीच्या दाखल्याची मुदत संपलेली होती, म्हणून पुन्हा छावणी आली. "अजून इथंच?" डॉक्टर घुले म्हणाले आणि पुढं काही न विचारता त्यांनी भुश्याला तपासलं. दगडाबाईची दावणीची जागा रिकामी होती. वत्सलाबाईनं चौकशी केली नाही. पुन्हा मुनव्वरची गाडी, पुन्हा एजंट, तपासणी, शिक्के. मालाच्या गोदामात पिंजऱ्याचं दार लावलं तेव्हा भुश्या ओरडला नाही, फक्त झरोक्यातून बघत राहिला. वत्सलाबाई विमानात प्रथमच बसली होती, पण तिला ढग दिसले नाहीत की जेवण गेलं नाही. आपल्या पायाखाली कुठंतरी तो अंधारात उभा असेल, एवढंच मनात होतं.

नैरोबीला मालाच्या शेडबाहेर रामहरी उभा होता. वाळला होता. तिला बघून पुढं आला, मग तिचा चेहरा बघून थांबला. कुणी काही बोलायच्या आत कामगारानं पिंजरा उघडला. भुश्या थरथरत बाहेर आला, नाक वर करून हुंगलं आणि तीन पायांवर उड्या मारत सुटला. वत्सलाबाईनं हात पसरले. तो तिच्या बाजूनं निघून थेट रामहरीच्या अंगावर गेला. त्याचे हात, तोंड, मान चाटू लागला, कुईं कुईं करत त्याच्या पायांत लोळला. रामहरी खाली बसला आणि कुत्र्याला कवटाळून भर रस्त्यात रडायला लागला.

"बघ, त्याच्या मनात काही न्हाई," तो डोळे पुसत म्हणाला.

"त्याला काय ठावं? मला ठावं हाय," वत्सलाबाई म्हणाली आणि गाडीत मागं जाऊन बसली.

कारखान्यापर्यंतची वाट लांब होती. डोंगर गेले, चहाचे मळे गेले, मग दोन्ही बाजूंना उंच हिरवा ऊस लागला. असा ऊस तिनं कितीतरी दिवसांत बघितला नव्हता. रामहरी पुढच्या सीटवरून हे दाखव, ते दाखव करत होता. ती हूं म्हणायची. भुश्या तिच्या मांडीवर डोकं ठेवून झोपला होता.

फाटकातून गाडी आत गेली तेव्हा एक उंच, पिकल्या केसांचा माणूस रस्त्याच्या कडेनं फिरत होता. रामहरीनं गाडीतूनच नमस्कार केला. "हेच मोठे साहेब," तो हळूच म्हणाला.

साहेबांच्या हातात दोन पट्टे होते. एका पट्ट्याला तांबडी गलेलठ्ठ कुत्री होती, आणि दुसऱ्याला एका डोळ्यानं आंधळा, कान फाटलेला, कुठल्यातरी उकिरड्यावरचा वाटावा असा कुत्रा.

वत्सलाबाईनं त्या कुत्र्यांकडं बघितलं, मग नवऱ्याकडं. रामहरीची मान खाली गेली.

बंगल्यापाशी गाडी थांबली. "बॅगा तुमी उतरवा," ती म्हणाली. "पिंजरा बी." आणि भुश्याला घेऊन घरात गेली.