रविवारची साक्ष

आमचे हे साक्ष फार छान देतात. दर रविवारी उपासना संपत आली की पाळकसाहेब यांच्याकडे बघतात आणि हे उठतात. दारूत कसे बुडाले होते, प्रभूने कसं हाताला धरून बाहेर काढलं, जुना माणूस कसा मेला आणि नवा कसा जन्मला. बायका रुमाल काढतात. मी मागच्या बाकावर पायाने चपला शोधत असते. मी जन्मापासून चर्चला जाते, पण देव मला इतक्या जोरात कधी भेटला नाही.

तरी खोटं कशाला बोलू? दारू सुटली होती. दोन वर्षांत घरात एक भांडं आपटलं नव्हतं. सकाळी उठून हे माझ्या आईसाठी पाणी तापवायचे, तिची औषधं आणायचे. दादा गेल्यापासून आई आमच्याकडेच असते.

दादा म्हणजे माझा थोरला भाऊ. तो आणि हे एकाच कागद कारखान्यात होते. लगद्याच्या टाकीत पाती फिरतात. ती साफ करायला आत उतरायचं तर मेन स्विचला स्वतःचं कुलूप लावायचं आणि चावी खिशात ठेवायची, असा तिथला नियम. ज्याचं कुलूप, त्यानेच काढायचं. दादा आत असताना टाकी सुरू झाली. चौकशीत निघालं की स्विचला कुलूप नव्हतंच. अहवालात लिहिलं, 'मयताचा निष्काळजीपणा'. रात्री गॅस तीनदा तपासून झोपणारा माणूस तो! आई तीन वर्षं तो शब्द गिळत होती. "विसरला असेल गं," म्हणायची आणि भिंतीकडे तोंड करायची.

त्या रविवारी ह्यांना जरा जास्तच रंग चढला. "प्रभूने माझ्या हृदयाचं कुलूप तोडलं," हे म्हणाले, "जसं मी त्या दिवशी कटरने..." आणि गप्प झाले. लोकांना वाटलं, गहिवरले. पाळकसाहेबांनी गीत सुरू केलं. मी चपला शोधायचं विसरले.

घरी आल्यावर मी स्वयंपाकघराचं दार लावलं. "कुठल्या दिवशी? कुठलं कुलूप?"

हे फरशीवरच बसले आणि सांगू लागले. पाळी संपत आली होती, माल अडला होता, पोटात दारू होती. कुलूप दिसलं, वाटलं कुणीतरी काढायला विसरलं. तोडलं, स्विच ओढला. नंतर ते तुटकं कुलूप गटारात टाकलं.

"तो मी मेला गं," हे म्हणाले. "देवाने क्षमा केली मला."

"देवाने केली असेल. त्याचं काय, त्याचा मुलगा तिसऱ्या दिवशी उठला. आईचा नाही उठला."

"अजून काय करू? दारू सोडली, आईंचं सगळं करतो..."

"इतक्या साक्षी दिल्यात. जिथे द्यायची तिथे एक तरी दिलीत?"

हे म्हणाले, "प्रभूने मला कशासाठी वाचवलं, ते हेच असेल."

माझं डोकंच फिरलं. यांच्या जगण्याला अर्थ यावा म्हणून माझा भाऊ मेला काय? एक ठेवून द्यावीशी वाटली. आणि त्याच क्षणी भीतीही वाटली, कारण हा माणूस आता खरंच पोलिसांत जाणार होता. भाऊ गेलाच होता, नवराही जाईल. राहू द्या, असं मीच म्हणणार होते. अगदी ओठांवर आलं होतं.

तेवढ्यात हे उठून आईच्या खोलीत गेले. तिच्या खाटेजवळ उभं राहून सगळं सांगून टाकलं, दारूसकट, आणि पोलिसांत जातो म्हणाले.

आईने माझ्याकडे पाहिलं. "म्हणजे त्याने कुलूप लावलं होतं?"

"हो, आई."

"लावलं होतं," ती स्वतःशीच म्हणाली. मग ह्यांच्याकडे वळली. "ओरडला का तो?"

"ओरडले."

"काय म्हणाला?"

"'भाऊजी' म्हणाले. दोनदा. मी स्विचपासून लांब गेलो होतो. परत पोचेपर्यंत..."

आईने पांघरूण नीट केलं. आवाज चढवला नाही.

"मग जा, जावईबापू. त्याने तुम्हाला बोलावलं होतं. आता तरी जा."