रुंद खांद्यांचं करडू

डाळजमध्ये लियाकतच्या शेडात आलेला बोकड बघायला पहिल्या आठवड्यात पार भिगवणपासून माणसं आली. रंगानं उस्मानाबादीच, काळाभोर. पण मांड्या अशा भरलेल्या की चालताना एकमेकींवर घासायच्या. लियाकतची मुलगी अल्फिया जनावरांची डॉक्टर. बारामतीजवळच्या एका प्रयोगशाळेत ती काम करायची आणि हा बोकड तिथंच तयार झाला होता. गावच्या चाऱ्यावर तो कसा वाढतो ते बघायला प्रयोगशाळेनं रीतसर परवानगी काढून तो लियाकतकडं ठेवला होता.

"अंगात मांस किती धरायचं याला लगाम घालणारा एक जीन असतो," ती बापाला म्हणाली. "तो आम्ही ढिला केलाय. तेवढ्याच चाऱ्यात मांस जास्त. शेळीवाल्यांचं भलं होईल यानं. पण अब्बा, बाहेरच्या शेळीला हा लावायचा नाही. पिल्लं कशी होतात ते अजून आम्हालाच ठाऊक नाही."

लियाकतनं मान डोलावली.

दिवाळीनंतर भानुदास आला. दोघं लहानपणापासूनचे दोस्त. भानुदासची बायको ताईबाई एकच शेळी पाळायची, चांदणी. कपाळावर पांढरा ठिपका असलेली, हाक मारली की रस्ता ओलांडून येणारी. ती माजावर आली होती, म्हणून भानुदासनं तिला सोबत आणलं होतं.

"एकदाच, लियाकत. आसलं वाण गावात परत कवा यायचं? उद्या ते घिऊन जातील आन् आपुन बघत बसू."

"अल्फियाला इचारतो."

"ती न्हायच म्हणणार. नोकरी हाय तिची."

चांगली गोष्ट आधी आपल्या माणसाच्या दारी जावी, असं लियाकतलाही वाटत होतं. त्यानं चांदणीला आत घेतलं.

शेळीचं पोट भरत गेलं तशी ताईबाई हरखली. "जुळी हायती बघा," ती येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची. जुळी नव्हती.

चैत्रात एका सकाळी चांदणी कळा द्यायला लागली. पुढचे दोन पाय दिसले, नाकाडही दिसलं, पण दुपार झाली तरी करडू पुढं सरकेना. लियाकतनं लेकीला फोन लावला. "ताईबाईची शेळी अडलीय," एवढंच बोलला.

अल्फिया आली, हातमोजा चढवून तिनं आत चाचपलं आणि थांबली. तिनं वळून बापाकडं बघितलं.

"अब्बा, हे आपल्या बोकडाचं?"

लियाकतनं मान हलवून हो म्हटलं.

पडवीच्या सावलीत तिनं पोट उघडलं. ताईबाईनं चांदणीचं डोकं मांडीवर धरलं होतं. करडू जिवंत निघालं, खांद्यानं एवढं रुंद की दोन्ही हातांत मावेना. पण कळा देऊन देऊन आत पिशवी फाटली होती. रक्त थांबेना. ताईबाई तिच्या कानामागं खाजवत राहिली, आणि मग ते कान गार पडले.

"आपल्या शेळ्यांची कंबर अरुंद," हात धुताना अल्फिया म्हणाली. "खांदे आम्ही वाढवले, वाट तेवढीच राहिली. म्हणून पहिलं वेत प्रयोगशाळेच्याच शेडात, ऑपरेशनची तयारी ठेवून काढायचं ठरलं होतं." मग आवाज उतरला. "बोकड घरी आणायलाच नको होता मी."

तिनं स्वतःच वरिष्ठांना कळवलं. प्रयोग थांबला. बोकड न्यायला गाडी आली आणि करडूही न्यावं लागणार होतं. ताईबाई त्याला बाटलीनं पाजत होती. ते आता तिच्या पदरामागं फिरायचं. तिनं ते उचलून अल्फियाच्या हातात दिलं.

"कोमट दूध दे बाई त्याला. गार पीत न्हाय."

दुसऱ्या दिवशी लियाकत आपल्या शेडातली सगळ्यात चांगली पाट, न व्यालेली तरणी शेळी, घेऊन भानुदासच्या दारात उभा राहिला. ताईबाईनं तिच्या पाठीवरून हात फिरवला.

"आता नको, भाऊ. हिला बघितलं की तिचं त्वांड आठवतंय. बसा, च्या टाकते."

चहा कुणालाच गोड लागला नाही. निघताना भानुदास गल्लीच्या तोंडापर्यंत सोबत आला.

"लई गळ घातली म्या तुला."

"व्हय म्हणणारा मीच की," लियाकत म्हणाला, आणि ओरडणाऱ्या पाटीला ओढत घराकडं चालू लागला.