नवसाबाईंच्या गोष्टीचा शेवट

१९७९ साली मी गंगापूर रोडवरच्या एका वाचनालयाच्या माडीवर दर रविवारी कथा कशी लिहावी ते शिकवत असे. माझ्या स्वतःच्या तीन कथा तोवर छापून आल्या होत्या, आणि तिसरी येऊन आठ वर्षं झाली होती. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण, असं आमच्या ऑफिसातले लोक मला तोंडावर म्हणत. मी हसून सोडून देई, पण घरी गेल्यावर ते आठवे.

माझे सल्ले मात्र चांगले होते, हे मी आजही छातीवर हात ठेवून सांगतो. कागदाच्या एकाच बाजूला लिहा, समास सोडा, कार्बन घालून एक प्रत जवळ ठेवा. लिहिलेलं मोठ्यानं वाचा, जीभ अडखळेल तिथे काहीतरी बिनसलंय असं समजा. आपल्याला माहीत असलेल्या कामाबद्दल लिहा. आणि गोष्ट संपली की थांबा, वाचकाला शहाणपण शिकवायला जाऊ नका. हा शेवटचा नियम मी फळ्यावर लिहून खाली दोन रेघा ओढत असे.

नवसाबाई मखमलाबादच्या. त्या आणि त्यांचा नवरा पुंजा झेंडू-शेवंती लावत. सकाळी बाजारात फुलं देऊन त्या रिकाम्या पाट्या जिन्यात ठेवून वर येत आणि मागे बसत. शिक्षण सातवीपर्यंत. दीड वर्षात त्यांनी एकही रविवार चुकवला नाही, आणि मी सांगेन ते वहीत उतरवून घेतलं. असा विद्यार्थी कोणाला नको असतो? मला त्यांचं फार कौतुक होतं. त्यांनी ती गोष्ट आणेपर्यंत होतं.

गोष्ट साधी होती. एका फूलवालीकडे लग्नाच्या हारांची ऑर्डर येते. नवरदेव म्हणजे तिच्या धाकट्या बहिणीला टाकून गेलेला माणूस. ती बाई हार करते आणि देते, बस. त्यात एक वाक्य होतं: ‘तिनं गाठ नेहमीसारखीच पक्की मारली, कारण हार मांडवात सुटला तर बोल हार करणारीला लागतो.’ गोष्ट तिथेच संपत होती.

ते वाक्य वाचून माझ्या पोटात दुखायला लागलं. वीस वर्षं मी टेबलाशी बसून घासत होतो आणि असं एक वाक्य मला सापडलं नव्हतं. या बाईला ते शेवंती खुडता खुडता सापडलं. मी वर्गासमोर म्हणालो की गोष्ट बरी आहे, पण शेवट तुटल्यासारखा वाटतो.

संपली की थांबा असं तुम्हीच सांगता, असं त्या हळूच म्हणाल्या. मी नाकानं कांदे सोलत उत्तर दिलं की दिवाळी अंकाची गोष्ट वेगळी असते, तिथे वाचकाच्या हाती काहीतरी द्यावं लागतं. मग मी त्यांना एक परिच्छेद सांगितला आणि त्यांनी तो उतरवून घेतला. स्त्रीचा जन्म म्हणजे देवाला वाहिलेलं फूल, कोमेजलं की निर्माल्य, असलं काहीतरी. गोष्टीची माती होतेय हे मला सांगतानाच कळत होतं.

आम्ही दोघांनी पुण्याच्या एकाच दिवाळी अंकाला कथा पाठवल्या. त्यांच्या मळ्यात टपाल नीट पोचत नसे, म्हणून पत्ता मीच माझा द्यायला सांगितला होता. ऑगस्टात माझी कथा परत आली. परतीचं जाड पाकीट बघूनच कळतं, फोडावं लागत नाही. चार दिवसांनी नवसाबाईंच्या नावानं पातळ पाकीट आलं.

दुसऱ्याचं पत्र फोडू नये. मी फोडलं. संपादकांनी लिहिलं होतं की कथा फार आवडली, पण शेवटचा परिच्छेद दुसऱ्याच कोणीतरी जोडल्यासारखा वाटतो, तो काढून छापायची परवानगी असेल तर दहा दिवसांत कळवावं. अन्यथा कथा परत पाठवू.

ते पत्र मी सहा दिवस खणात ठेवलं. दहा दिवस उलटले की आपोआप सगळं मिटेल, असा माझा हिशेब होता. मधल्या रविवारी नवसाबाईंनी टपालाचं विचारलं. मी नाही म्हणालो, आणि माझी कथा परत आल्याचं सांगितलं. त्यांचा चेहरा उतरला. म्हणाल्या, तुमच्यासारख्याची गोष्ट परत धाडली म्हणजे त्यांनाच काही कळत नसंल. त्या हे मनापासून बोलल्या, तेच मला सोसेना.

सातव्या दिवशी सकाळी मी पत्र आणि एक कोरं पोस्टकार्ड घेऊन सायकलनं मळ्यात गेलो. त्या झेंडू तोडत होत्या. त्यांनी पदराला हात पुसून पत्र दोनदा वाचलं.

“नाय सर,” त्या म्हणाल्या. “तो शेवट तुम्ही दिलाय. तो काढून छापायची आसंल तर मला नको छापायला.”

सांगायला लाज वाटते, पण क्षणभर मला बरं वाटलं. मी गप्प राहिलो असतो तरी काम झालं असतं. पण त्या माझ्याकडे इतक्या विश्वासानं बघत होत्या की मला तिथे उभं राहवेना.

“काढा तो,” मी म्हणालो. “वाईट आहे.”

“मंग मला कशाला लिहायला लावला?”

“तुमची गोष्ट माझ्यापेक्षा चांगली होती, नवसाबाई. मला ते बघवलं नाही.”

त्यांनी पत्रावरची तारीख बघितली, मग फाडलेलं पाकीट बघितलं. बांधावर बसून पोस्टकार्डावर तीन ओळी लिहिल्या, सही केली आणि कार्ड माझ्या हातात दिलं.

“एवढं आजच टाका,” त्या म्हणाल्या. मग पुन्हा झेंडूकडे वळल्या आणि माझ्याकडे न बघताच म्हणाल्या, “घरात कोनाला वाचता येत नाय. आता फुडली गोष्ट दाखवायची कोनाला?”

मला दाखवा, असं म्हणायला माझी जीभ उचलली नाही.