सिरिलचं बी

सप्टेंबर अर्धा सरल्यावर मुरियल कमरेचं हाड बदलून घरी आली, ती दोन काठ्यांवर. घरात शिरायच्या आधी ती परसात वळली. हौसेने नव्हे हो, धास्तीने. हौस कधीच आटली होती.

नऊ वर्षांपूर्वी नवरा सिरिल गेला, तो हातात हात घेऊन वचन घेऊनच. त्याने स्वतः तयार केलेला एक स्वीट पी होता, वाटाण्यासारखा वेल, पण सुवासिक फुलांचा. सायीचा रंग, जांभळी कड, आणि वास असा की खिडकी उघडी असली तर चहालाही तोच वास लागायचा. "हा मरू द्यायचा नाही, मुरियल. आणि त्या डेस्मंडला एक दाणाही द्यायचा नाही." डेस्मंड शेजारचा. गावच्या फुलांच्या प्रदर्शनात दोघांनी बावीस वर्षं एकमेकांच्या नाकावर टिच्चून कप नेले होते. मरणाऱ्या माणसाला नाही कसं म्हणायचं? बाई हो म्हणून बसली.

हो म्हणायला काय जातं! ऑक्टोबरात एकेका दाण्याच्या सालीचा चाकूने टवका काढा, उंच कुंड्यांत पेरा, उंदरांपासून राखा, शेंडे खुडा, वसंतात काठ्या रोवा, वेल बांधा. फुलं आली की दिवसाआड कापा, कारण एकदा शेंग धरली की वेल फुलायचं सोडतो. फक्त टोकाचा एक वेल बियांसाठी न कापता ठेवायचा. नऊ वर्षं हेच. आधी गुडघे गेले, मग कंबर.

"या राणीसाहेब!" डेस्मंड वेलांपाशी कात्री घेऊन उभाच होता. तीन आठवडे बाग त्याच्यावर होती. "बघ, एक दिवस खाडा केला नाही."

वेल खरंच फुलले होते. मुरियल खुरडत टोकाच्या वेलापाशी गेली. तोही फुलला होता. शेंग औषधालाही नव्हती.

"इथल्या शेंगा कुठे गेल्या?"

"काढल्या की! पहिल्याच दिवशी. म्हटलं, बिचारीला वाकवत नाही, राहून गेल्या असतील." डेस्मंडचं बी दर साली टपालाने पाकिटातून यायचं. शेंगा राहिलेला वेल म्हणजे त्याच्या लेखी नुसता आळस.

"बियांसाठी ठेवल्या होत्या रे."

"डब्यात असेल ना मागचं?"

"एक दाणा नाही. मागच्या साली पावसाने चौदाच हाती लागले, ते सगळे पेरले. आणि आता धरलेली शेंग थंडीआधी पिकायची नाही."

डेस्मंडचं तोंड एवढंसं झालं. मुरियलला वाटलं, आता संताप येईल. आलं ते भलतंच. सुटले बाई एकदाची! आणि लगेच स्वतःची अशी लाज वाटली की तिने मान खाली घातली.

डेस्मंडला वाटलं, ही कोसळणार. त्याने खुर्ची आणून तिला बसवलं आणि काढलेल्या शेंगा ज्यात टाकल्या होत्या त्या खताच्या ढिगाकडे स्वतः धावला. "राहू दे रे," ती म्हणाली. कोण ऐकतो! सत्तरीचा माणूस गुडघ्यांवर बसून अर्धा तास चिखल उपसत होता. शेवटी कोपरापर्यंत बरबटलेला, हसत आला. कुजून गेलेल्या शेंगांतून पाच टणक तपकिरी दाणे निघाले होते.

"पाच आहेत, मुरियल! पाच!" त्याने ते तिच्या तळहातावर ठेवले.

मुरियल बघत राहिली. ऑक्टोबर दोन आठवड्यांवर आला होता. चाकू, कुंड्या, उंदीर, काठ्या, सगळं पुन्हा तिच्यापुढे उभं राहिलं.

"तूच ने," ती म्हणाली.

"मी? सिरिल थडग्यातून उठून येईल!"

"येऊ दे. आला तर कुंड्या भरायला बसव त्याला."

"अगं, पण त्याची शेवटची इच्छा..."

"मी थकले रे, डेस्मंड. त्याचं फूल जगवता जगवता, माझा माणूस गेला याचं दुःख करायलाही मला उसंत मिळाली नाही."

डेस्मंडने हात विजारीला पुसले आणि दाणे रुमालात बांधून घेतले. मग मुरियल तिथेच खुर्चीत बसून, नवरा गेल्याला नऊ वर्षं झाल्यावर, पहिल्यांदा मोठ्याने रडली.